कीपची भावकी

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, "गाव कंचं?" आणि त्याचं उत्तर पुरतं व्हायच्या आत दुसरा, "कुणाचं पावणं?" या दोन प्रश्नांत माणूस सापडतो. तिसऱ्या वाक्याला त्याच्या आत्याचा दीर आपल्या मेव्हण्याच्या साडूकडे जेवून गेलेला निघतो, आणि मग चहा येतो. या दोन्ही प्रश्नांना उत्तर नसलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि एकच क्रियापद. माणूस शाहूपुरीतला एक पेंटर होता. क्रियापद इंग्रजी होतं, 'कीप'. दोघांची गाठ पडली ती ट्रकच्या मागच्या फाळक्यावर.

पेंटर हेच त्यांचं नाव झालं होतं. आडनावही होतं, आणि ते आमचंच होतं, पण त्याची हकीकत पुढे येईल. गॅरेजांच्या बोळात दहा बाय आठचं दुकान, दारात अर्धवट रंगवलेले फाळके टेकून ठेवलेले, आत टर्पेंटाइनचा वास. गेल्या वर्षी ती इमारत पाडली. तिथे आता काचेचं काहीतरी उभं राहतं आहे. पेंटर कुठे गेले ते बोळात कुणाला ठाऊक नाही आणि त्यांचा फोन लागत नाही. ते हयात आहेत असं मी धरून चालतो. नसले, तरी मला कळवायला कुणी नाही.

ते उलटं लिहायचे. म्हणजे पाटीवरचं शेवटचं अक्षर आधी काढायचे, मग त्याच्या आधीचं, असं करत पहिल्या अक्षरावर यायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मानसं पुढनं लिवत येत्यात आन शेवटाला अक्षरं चिरडत्यात. शेवट आधी बसवला की बाकीच्यास्नी जागा पुरतीच." डाव्या हाताखाली टोकाला चिंध्यांचा बोळा बांधलेली वेताची काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं, आणि श्वास धरून एक फराटा. अक्षर पुरं झालं की श्वास सोडायचे. 'डिस्टन्स'मध्ये इंग्रजी अक्षरं आठ आहेत हे मला इंग्रजीचा शिक्षक असूनही त्यांच्या श्वासांवरून कळलं.

त्यांच्या मोबाईलमध्ये माणसांची नावं नव्हती, गाड्यांचे नंबर होते. फोन वाजला की पडद्यावर एखाद्या टेम्पोचा नंबर यायचा आणि पेंटर म्हणायचे, "बोला." मी त्यात माझ्या स्कूटरच्या नंबराने होतो. स्कूटर विकली तेव्हा मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गाडी गेली म्हणून मानूस बदलत न्हाय."

दिवाळीच्या पाडव्याला अख्ख्या बोळात एकच शटर वर असायचं. त्या दिवशी कुणी गाडी रंगवायला आणत नाही. पेंटर डबे पुसत बसलेले असायचे. त्यांची खानावळ त्या आठवड्यात बंद असायची, त्यामुळे समोर केळी आणि पाव. मी एकदा घरी फराळाला बोलावलं. आले, दोन चकल्या खाल्ल्या, आमच्या दारावरची नावाची पाटी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "कुनी लिवलीया? शेवटाला चिरडलीया." पुढच्या वर्षी बोलावलं तर दुकानात काम आहे म्हणाले.

पहिली भेट नंबरप्लेटमुळे झाली. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. म्हणजे मुलं पास होतील आणि भाषेला फारशी इजा होणार नाही एवढं शिकवतो. प्लेट वाळेपर्यंत बसलो होतो. पेंटर एका ट्रकच्या फाळक्यावर 'कीप डिस्टन्स' काढत होते. मध्येच मागे न बघता म्हणाले, "सर, तुमी इंग्रजीचं न्हवं?"

"हो."

"मग ह्ये कीप कंच्या गावचं?"

मला वाटलं, अर्थ विचारतायत. मी सांगितला. ते ऐकून घेतल्यासारखं करत राहिले आणि मग ब्रश डब्यावर आडवा ठेवून आतून एक जुनी डायरी घेऊन आले. तिच्यात त्यांनी हा शब्द जिथे जिथे पाहिला ती ठिकाणं लिहून ठेवली होती. कीप लेफ्ट, चौक. कीप सायलेन्स, दवाखाना. विकेटकीपर, मैदान. टाइमकीपर, गिरणी. हाऊसकीपिंग, हॉटेल. कीप इट अप, कुणाच्या तरी पोराच्या वहीत बाईंनी लाल शाईने. अशा सत्तावीस जागा.

"ह्यो एकच गडी सत्तावीस घरी राबतोय," पेंटर म्हणाले. "कुटं गप बसवतोय, कुटं डावीकडनं चालवतोय, कुटं चेंडू धरतोय, कुटं फरशी पुसून घेतोय. मी तीस वर्सं लिवतोय त्येला. इतकं राबनाऱ्याला घरचं कोन तरी आसंलच की. त्येवढं बगून सांगा."

बावीस वर्षांच्या नोकरीत कुणा विद्यार्थ्याने मला शब्दाचं मूळ विचारलेलं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक अनेक खंडी इंग्रजी कोश आहे. तो कुणाच्या तरी स्मरणार्थ भेट मिळाला, त्याच्याबरोबर फोटो निघाला आणि तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे. किल्ली सापडायला दोन दिवस लागले. मी पान शोधलं, मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि शनिवारी दुकानात जाऊन पेंटरना मराठीत समजावून सांगितलं.

सांगण्यासारखं थोडंच होतं. इंग्रजीतली बहुतेक कामाची क्रियापदं नातेवाईकांत वाढलेली आहेत. 'कम'चा भाऊ जर्मन भाषेत आहे, 'गो'चा आहे, 'होल्ड'चा तर हुबेहूब तोंडवळ्याचा आहे. 'कीप'चं कुणी नाही. हजारेक वर्षांपूर्वी तो एकदम लिखाणात दिसायला लागतो, तोही चांगला कामाला लागलेला. त्याआधीचा पत्ता नाही. शेजारच्या भाषांत त्याच्या रक्ताचं कुणी आढळत नाही. कोशकारांनी सरळ लिहून टाकलंय की मूळ माहीत नाही.

पेंटर म्हणाले, "येवढ्या मोट्या बुकात आसं लिवलंय? म्हाईत न्हाय म्हनून?"

"हो."

"छापलंय?"

"छापलंय."

ते जरा वेळ माझ्या मोबाईलच्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ह्येलाबी न्हाय."

त्यातला 'बी' मी ऐकला. विचारलं मात्र नाही. त्यांनीच सांगितलं, पुढच्या कधीतरी, फाळका घासता घासता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्यांना अगदी तान्हेपणी कुणीतरी एका बालगृहाच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. तिथल्या वहीत नाव, बापाचं नाव, आडनाव असे रकाने होते आणि रकाना मोकळा ठेवून चालत नसे. नाव त्या दिवशीच्या वारावरून सुचलं. बाकीचे दोन रकाने लिहिणाऱ्या कारकुनाने स्वतःच्याच नावाने आणि आडनावाने भरले. तो कारकून आमच्या घराण्यातला, माझ्या आजोबांचा चुलत भाऊ. त्याला मूलबाळ झालं नाही. त्याने त्या वहीत अशा किती जणांना आमचं आडनाव दिलं ते कुणी मोजलेलं नाही.

"म्हणजे आपण एका अर्थाने—" मी म्हणालो.

"न्हाय," पेंटर म्हणाले. "अर्थ बिर्थ काय न्हाय. आडनाव सारकं हाय, येवढंच."

त्या कोशावर मात्र त्यांचा जीव बसला. मी बोळातून गेलो की हाक यायची, "सर, घावलं का कुनी?" पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसाची चौकशी करावी तशी. एकदा मी नुसता त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, की एका जुन्या डच शब्दाकडे काही पंडित बोट दाखवतात, लांबचा भाऊ असू शकेल.

"कागद हाय?"

"कागद नाही. अंदाज आहे."

"मग नगं. आंदाजानं भाऊ सांगनारं लई भेटत्यात. त्यापरीस त्ये पयलं ब्येस. म्हाईत न्हाय तर म्हाईत न्हाय."

त्यांना त्या शब्दाचे जुने अर्थ फार आवडले. आपण पहिल्यांदा शिकतो तो 'जवळ ठेवणे' हा अर्थ तसा उशिराचा. सुरुवातीला त्या शब्दात दखल घेणं होतं, एखाद्या गोष्टीवर लक्ष असणं होतं. मग पाळणं आलं: दिलेला शब्द पाळणं, सणवार पाळणं. वस्तू घरात ठेवणं नंतर कधीतरी. हे ऐकून पेंटर म्हणाले, "बरूबर हाय. आधी ध्यान पायजे. ठिवनारं काय, कुनीबी ठिवतंय." पायरीवर ठेवलेल्या माणसाने हे म्हटलं हे माझ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

याच सुमारास आमच्या अण्णांना घराणं सापडलं. अण्णा माझे थोरले चुलत भाऊ, सहकार खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या संस्थांचे अहवाल वाचल्यावर त्यांना स्वतःचा एक अहवाल हवा होता. हल्ली प्रत्येक आडनावाचं कुलसंमेलन होतं, आपलंच का नाही, असं म्हणून त्यांनी हॉल ठरवला, फेटेवाला ठरवला, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि त्यावर रोज सकाळी साडेसहाला घराण्याचा जयजयकार करायला सुरुवात केली. स्टेजवर मागे वंशवृक्ष हवा होता. अण्णा फ्लेक्स छापणार होते. मी म्हणालो, झाड हाताने रंगवलेलं शोभेल, माझ्या ओळखीचे एक पेंटर आहेत, आडनावाने आपलेच. यात माझा हेतू एवढाच होता की पेंटरना महिनाभर काम मिळावं. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टी मी तेव्हापासून कमी केल्यात.

अण्णांच्या बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये बारा फुटी प्लायवूड उभं राहिलं. साडेचारशेच्या आसपास नावं होती. पेंटर शिडीवर चढून सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत नव्या पानांपासून सुरुवात करून खाली खोडाकडे येत होते. त्यांच्या उलट्या पद्धतीला हे झाड सोयीचं पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना विचारलं, "सायेब, ह्येच्यात बाया कुटं हायत?"

"बायका लग्न होऊन जातात, पेंटर."

"आन येत्यात त्या?"

अण्णा म्हणाले, "तुम्ही नावं काढा."

मी संध्याकाळी कॉलेज सुटलं की तिकडे चक्कर टाकायचो. पेंटर नावांबद्दल प्रश्न विचारायचे. हे कसे वारले, त्यांना किती मुलं, हे दोघं भाऊ बोलत होते का. मला निम्म्यांची माहिती नसायची. एकदा ब्रश पुसत त्यांनी विचारलं, "सर, येवढी मानसं म्हंजे वर्सात सुतक किती येत आसंल?"

मी सांगितलं: जवळच्या भावकीत दहा दिवस, लांबच्यांना तीन. हल्ली सगळेच तीनवर भागवतात. दाढी करायची नाही, गोडधोड करायचं नाही, देवाला दिवा नाही.

"आन ज्येला भावकीच न्हाय, त्यो ग्येला तर?"

"तर काय. महापालिकेचे लोक असतात. सगळं नीट करतात ते, आपल्याकडे पैसेसुद्धा घेत नाहीत."

"त्ये ठावं हाय मला. जाळनाऱ्याचं न्हाय म्हनत मी," पेंटर म्हणाले. "म्हंजे दुसऱ्या दिवशी समदी गावातली दाढी करनार. एकबी गडी तसाच ऱ्हानार न्हाय." आणि पुन्हा शिडी चढले.

त्या माणसाला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. आपल्यामागे कुणा एकाची दाढी वाढावी, एवढंच. आणि ते मिळायची एक वाट निघालीही.

झाड खोडाशी आलं आणि काम थांबलं. आमच्या घराण्याची माहिती मागे जात जात राधानगरीकडच्या एका खेड्यातल्या एका माणसापाशी संपते. तो तिथे कुठून आला याचा पत्ता नाही. अण्णांना हे अपुरं वाटत होतं. त्यांनी त्याच्याखाली एक मूळ पुरुष बसवला. उत्तरेकडून आलेला सरदार, नावापुढे सिंह, हातात तलवार, पन्हाळ्यावर लढलेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराण्यांचे पन्हाळ्यावर लढलेले मूळ पुरुष एकदम उभे केले तर गडावर वाऱ्याला जागा उरायची नाही. पण हे मी मनात म्हणालो. पेंटरांनी तोंडावर विचारलं, "कागद हाय?"

अण्णा आधी हसले, मग चिडले, मग निवृत्त अधिकाऱ्याला जमतं तसं त्यांनी मधलं काहीतरी काढलं. त्यांना तो कारकून ठाऊक होता. म्हणाले, "हे बघा पेंटर, आमचे ते चुलत आजोबा निपुत्रिक गेले. त्यांच्या फांदीला पान नाही. तुमच्या कागदावर बापाच्या रकान्यात त्यांचंच नाव आहे न्हवं? तुम्हाला त्यांचे मानसपुत्र म्हणून बसवतो. झाडावर, पुस्तकात, ग्रुपवर. आमच्यातलेच झालात. सुतक, सोयर, लग्नाची पत्रिका, सगळं येईल. तुम्ही तेवढा मूळ पुरुष नीट काढा. मिशा दाट पाहिजेत."

पेंटर म्हणाले, "दोन दीस द्या."

त्या दोन दिवसांत मी दुकानात गेलो आणि माझ्या आयुष्यात दिलेल्या सल्ल्यांपैकी सर्वांत वाईट सल्ला दिला. म्हणालो, "घ्या की, पेंटर. कुणाचं काय जातंय? सगळं झाडच असं-तसं आहे. एक पान तुमचं."

ते एका रिकाम्या डब्याचं झाकण ठोकून बसवत होते. म्हणाले, "त्या मानसानं रकाना भरला, सर. मला न्हाय घेतलं. पोरगं घेनं येगळं, रकाना भरनं येगळं."

"मग अण्णांचा मूळ पुरुष?"

"काडतो की. मी रंगारी हाय. तुमचं मूळ तुमी सांगायचं, मी रंग लावायचा. त्ये खोटं निगालं तर तुमचं खोटं. पान माज्या नावाचं. त्ये माजं खोटं झालं आसतं." मग झाकणावर शेवटचा ठोका घालून, "तसं बरं दिसलं आसतं म्हना."

शेवटचं वाक्य ते डब्याला म्हणाले.

मूळ पुरुष उत्तम उतरला. मिशा दाट. कारकून आजोबांच्या फांदीवर एक पान आधीच आखलेलं होतं. ते पुसलं तर झाड एका बाजूला रिकामं दिसेल म्हणून पेंटरांनी ते हिरवं रंगवलं आणि कोरं सोडलं. अण्णांनी एकदा बघितलं आणि "तुमची मर्जी" म्हणाले. त्यांना मिशा मिळाल्या होत्या.

संमेलन झालं. साडेतीनशे माणसं, तेवढेच फेटे. घराण्याचा इतिहास सांगायला मीच होतो, कारण शिकवणारा मीच. मी खोटं एकही वाक्य बोललो नाही. 'असे मानले जाते' आणि 'असे सांगितले जाते' यांच्या आधाराने अर्धा तास तरून गेलो आणि टाळ्या घेतल्या. मागे तलवार घेऊन तो सरदार उभा होता. त्याच्याकडे वळून बघावं असं मला वाटलं नाही. पेंटर शेवटच्या रांगेत बसले होते. धुतलेला पांढरा शर्ट, फेटा नाही. जेवणाच्या रांगेत शेजारच्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, "पावणं, कंच्या शाखेचं?"

"मी झाड काडलंय," पेंटर म्हणाले.

"आसं व्हय! मंग जेवा की. लाजताय काय?"

जेवणानंतर लोक झाडाजवळ जाऊन आपापलं पान शोधत होते, त्यावर बोट ठेवून फोटो काढत होते. तेवढ्यात आमच्या एका काकूंना ते कोरं पान दिसलं. त्यांच्या नातवाचं बारसं आठच दिवसांपूर्वी झालेलं. यादी छापल्यानंतर जन्मल्यामुळे तो झाडावर नव्हता. "ह्ये आमच्या बाळासाठीच ठिवलंय बघा," असं म्हणत त्यांनी कुणाकडून तरी स्केचपेन घेतलं आणि त्या पानावर नातवाचं नाव लिहून टाकलं. फांदी चुकीची, दोन पिढ्यांचा फरक. पण कुणाला त्याचं काय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पेंटरना शोधलं. ते माझ्या मागेच उभे होते.

"मी सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"कशाला?" ते म्हणाले. मग डोळे बारीक करून पानाकडे बघत, "अक्षर बरं न्हाय."

दुसऱ्या दिवशी फळी अण्णांच्या शेडमध्ये परत आली तेव्हा पेंटर ब्रश घेऊन आले. स्केचपेनचं लिखाण पुसून, पान पुन्हा हिरवं करून, त्यांनी त्या बाळाचं नाव पांढऱ्या रंगात काढलं. शेवटच्या अक्षरापासून. तीनच अक्षरं होती, तीन श्वास. मी म्हणालो, निदान नव्या फांदीवर तरी काढा, ही जागा... त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "पोराचं नाव वाकडं नको. जनमभर बगनार त्ये."

आठ-नऊ महिन्यांनी अण्णा गेले. सकाळी फिरायला गेले होते, बाकावर बसले ते उठलेच नाहीत. ग्रुपवर जयजयकाराच्या जागी हात जोडलेली चित्रं आली, मग लगेच चर्चा सुरू झाली. दहा दिवस की तीन? पुण्याच्या एकाने लिहिलं, काळानुसार बदललं पाहिजे. एकाच्या बँकेत तपासणी होती. एकाचं लग्न ठरलेलं होतं, त्याने विचारलं की संमेलनात भेटलेली भावकी सुतकात मोजायची का. शेवटी तीनवर एकमत झालं. घराण्याच्या इतिहासातलं ते पहिलंच एकमत असावं. मला परीक्षेची देखरेख होती. चौथ्या दिवशी सकाळी मी दाढी केली आणि कॉलेजला गेलो.

नवव्या दिवशी बोळातून जात होतो. पेंटरांच्या दारात एक ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हुज्जत घालत होता.

"आवो पेंटर, येवढं कीप डिस्टन्स लिवून द्या की! गूळ भरून ऱ्हायलाय, सांच्याला गाडी भाईर काडायची हाय. ईस मिन्टाचं काम."

"परवा या. सुतक हाय."

"कोन गेलं?"

"वळकीचं येक थोरलं मानूस."

"वळकीच्याचं कसलं आलंय सुतक? खुळं का काय?" असं म्हणत ड्रायव्हर गाडीत चढला आणि कोऱ्या फाळक्यानिशी निघून गेला.

मी आत गेलो. पेंटर स्टुलावर बसले होते. ब्रश धुऊन उलटे उभे केलेले, एकाही डब्याचं झाकण उघडं नाही. गालावर नऊ दिवसांची पांढरी दाढी. त्यांना कुणी कळवलं असणं शक्य नव्हतं. ग्रुपवर ते नव्हतेच. मी विचारलं. म्हणाले, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता, त्यावर अण्णांचा फोटो बघितला.

"पण पेंटर, तुम्हाला कसलं सुतक लागतंय?"

"लागत न्हाय, सर," ते म्हणाले. "पाळतोय."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, अण्णांनी तुमच्याशी काही फार बरं केलं नव्हतं.

"त्येचा काय संबंद?" पेंटर म्हणाले. "त्येंचं नाव मी हातानं काडलंय. डावीकडची तिसरी फांदी. येक येक अक्षर दम धरून काडलंय. आता त्यो मानूस गेल्यावर मी दुसऱ्याच दिवशी रंगाच्या डब्यात ब्रश घालू व्हय?" त्यांच्या चेहऱ्यावर हसल्यासारखं काहीतरी आलं. "साडेचारशे नावं हायत, सर. निम्मी म्हातारी हायत. वर्साला कोन ना कोन जानारच. मला आता मरंस्तवर सुतकाला तोटा न्हाय."

खरं तर त्याच वेळी मला एक वाक्य म्हणायचं होतं. ते फार लांब नव्हतं. तुमचं सुतक मी धरीन, पेंटर, पुरते दहा दिवस. तोंडात आलंही होतं. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि सकाळीच दोनदा वस्तरा फिरवून केलेली गुळगुळीत दाढी मला एकदम जाणवायला लागली.

"बसा की," पेंटर म्हणाले आणि स्वतःच्या खालचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. ते स्वतः एका उलट्या डब्यावर बसले.

मी बसलो. खिशातून रुमाल काढला, घाम पुसतोय असं दाखवत तो हनुवटीवर धरला, आणि बराच वेळ तसाच धरून राहिलो.